पांढऱ्या कव्हरची रेकॉर्ड

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची दादाकडे! सोबत दोन बॅगा, हेडफोनची पेटी आणि ही कोरी वही. वही टिटवीने दिली. स्टेशनवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, आई, रोज थोडं लिहीत जा, नाहीतर मामासारखी तूही भिंतींशी बोलायला लागशील. लेकीचा हुकूम, मोडणार कशी!

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली शिंप्याचं दुकान, आणि त्याच्या मशिनची टरटर जिन्यात कायम भरून राहिलेली. जिना लाकडी, अरुंद. मधली एक पायरी इतकी सुरेल कुरकुरली की मी मुद्दाम खाली उतरून पुन्हा तिच्यावर पाय दिला. दादाने दार उघडलं, मला जिन्यात वरखाली करताना पाहिलं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. किती वर्षांनी!

म्हातारा झालाय. कान पूर्ण गेले आहेत. दोन वर्षांत हळूहळू गेले, डॉक्टरांनी हात टेकले असं म्हणतो. बोलतो व्यवस्थित, फक्त सूर सपाट झालाय, स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्यामुळे. माझं निम्मं बोलणं ओठांवरून कळतं, उरलेलं पाटीवर लिहायचं. शाळेतली असते तशी खरीखुरी पाटी, कोपऱ्याला दोरीने चिंधी बांधलेली. वहिनी दीड वर्षापूर्वी माहेरी निघून गेली. तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

माझी खोली छोटी आहे, पण खिडकी रस्त्यावर उघडते. रेडिओ केंद्राने आमचा ध्वनिविभाग बंद केल्यापासून मी घरात नुसती बसून होते. जुन्या टेपांची खरखर साफ करण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला दुसरं काय काम येणार? अशात दादाचं पत्र आलं. म्हणाला, माझ्या सगळ्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेऊन ठेव आणि नंतर संग्रह तूच घे. मला आता त्यांचा काय उपयोग?

हे वाचलं तेव्हा मी रडले होते. आज मात्र नुसता आनंद आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर रेकॉर्डच्या खोलीत. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि सगळ्यावर एकच जमात: जर्मन इलेक्ट्रॉनिक, प्रयोगवाले, ज्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नसतील असे. कुणी तळघरात चार सिंथेसायझर जोडून तासभर एकच सूर धरलाय. कुणी कारखान्याचा भोंगा टेपवर घेऊन ती टेप उलटी फिरवलीय. एकाने आख्खी बाजू नळाच्या थेंबांवर काढलीय, आणि खोटं सांगत नाही, शेवटी शेवटी त्या थेंबांचं दुःख व्हायला लागतं. काही कव्हरं हाताने रंगवलेली, काहींवर साधा टाइप केलेला कागद चिकटवलेला.

हे वेड दादाचंच. मी शाळेत असताना त्याने पहिली रेकॉर्ड आणली होती. आई लाटणं हातात घेऊन दारात आली आणि विचारलं, "हे गाणं आहे का पिठाची गिरणी?" दादा म्हणाला, गिरणीच आहे, पण नीट ऐक, काय दळलं जातंय ते कळेल. आई गेली. मी बसले. त्याने मला ऐकायला शिकवलं. घाई करायची नाही, कंटाळा आला की तिथेच थांबायचं, कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी असतंच. पुढे मला ज्या कामाचा पगार मिळाला ते काम हेच.

आता मी रेकॉर्ड धुते, ब्रश फिरवते, वाळवते, सुईचं वजन तपासते आणि लावते. दादा भिंतीला पाठ टेकून त्याच्या खुर्चीत बसतो आणि माझा चेहरा वाचतो. मी त्याच्याशी मोठ्याने बोलत राहते, माणसं मांजराशी बोलतात तशी. तो ऐकत नाही म्हणूनच बोलता येतं. आज पाठमोरी उभी राहून म्हटलं, दादा, तुझ्या घरातली उशी म्हणजे वीट आहे रे. मग आणखीही बरंच बोलून गेले. टिटवीचे बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस याचा मला किती राग आला होता, ते. हलकं वाटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी पलंगावर नवी मऊ उशी! मी चकित. पाटीवर लिहिलं, तुला कसं कळलं? म्हणाला, तुझी मान अवघडलेली दिसली. याला म्हणतात पाठीराखा भाऊ.

दुपारी त्याने कपाटातून एक रेकॉर्ड काढली. पांढरं कव्हर, वर अक्षर नाही, मधल्या गोल कागदावरही काही नाही. म्हणाला, ही कॉम्प्युटरवर घेऊ नकोस, आधी नुसती ऐक. माझे कान जाण्याआधी मला शेवटची मिळालेली ही. पुरती कधी कळलीच नाही. तू ऐक आणि मला सांग.

लावली. खोल, जाड, एकच सूर. बंद दाराआड फ्रीज चालू असावा तसा. दहाएक मिनिटांत अंगाला मुंग्या आल्या. दादा एकटक बघत होता, मी पाटीवर लिहीत होते: सूर जाड होतोय, आता दोन झाले, आता पाण्यासारखं. बाजू संपत आली तशी सुराच्या मागून घड्याळाची टिकटिक आली. इतकी स्पष्ट, की वाटलं कुणीतरी घड्याळ माझ्या कानाशी धरलंय. सुंदर! कसं केलं असेल त्या तळघरातल्या पोरांनी?

टिकटिक असं मी पाटीवर लिहिलं, तेव्हा दादाचे डोळे भरून आले. बिचारा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

एक गंमत. बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं असं मला वाटलं, कारण टिकटिक नाही. जवळ जाऊन पाहिलं तर काटे चालू. कान लावला. काही नाही. माझं मनगटी घड्याळही मुकं. कानाला थकवा येतो, आमच्या कामात हे होतं. दोन दिवस हेडफोन लावायचे नाहीत असं ठरवलं.

पण दादा पांढरी रेकॉर्ड पुन्हा लाव म्हणून मागे लागला. लहान मुलासारखा. म्हणाला, तू लिहितेस ते वाचून मला ऐकल्यासारखं वाटतं ग. नाही म्हणवेना. तोच सूर, पण या वेळी शेवटी टिकटिक नव्हतीच. टरटर होती, थांबत, अडखळत, पुन्हा पळत. शिलाई मशीन.

संध्याकाळी फाटका खिसा द्यायला खाली गेले. शिंपीकाका मशीनवर वाकलेले, पाय चालू, सुई वरखाली, कापड सरकतंय. आणि आवाज नाही. काका काहीतरी बोलले ते नीट ऐकू आलं. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. फक्त ती टरटर नाही, भोक पडल्यासारखी.

वर आले तर दादा खिडकीशी उभा, बोटांनी चौकटीवर ताल धरून. मला पाहिल्यावर थांबला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

किटलीची शीळ गेली. पावलांचा आवाजही गेला. जिना आता मला दाद देत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी यंत्रात सगळे सूर वाजवले, मी सगळे ओळखले. कान तरुण मुलीसारखे आहेत म्हणाले. विश्रांती घ्या.

दादाला पाटीवर सगळं लिहून सांगितलं. त्याने माझे हात हातात घेतले. म्हणाला, घाबरू नकोस, हे त्या रेकॉर्डमुळे होतंय असं तुला वाटतं ना? मग ती अर्धवट सोडू नकोस. दुसरी बाजू लाव, ती पूर्ण झाली की सगळं जागच्या जागी येईल. मी नेमका तिथेच थांबलो आणि बहिरा झालो.

विश्वास ठेवला. त्याच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

दुसरी बाजू लावली. सूर त्याहून खाली, कानापेक्षा छातीत जास्त. आणि शेवटाला, सुराच्या तळातून, माझ्या टिटवीचा आवाज. "आई." लहानपणी ताप आला की मारायची तशी हाक. मी सुई उचलायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

टिटवीचा व्हिडिओ कॉल आला. ती हसली, केस मागे सारले, बोलायला लागली. तिच्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता. तिच्या मैत्रिणीने मागून काही विचारलं तेही ऐकू आलं.

ती ऐकू आली नाही. फक्त ती.

मी हो हो म्हणत मान हलवली. नंतर मेसेज केला की इथे नेटवर्क खराब आहे, तू लिहीतच जा. मग दादा झोपलाय असं बघून खोलीत गेले, दार लावलं आणि दुसरी बाजू लावली. हाक आली. पुन्हा लावली. पुन्हा आली. आता जगात ती तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

किती वेळा लावली ते लिहीत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी कमी होत असणार, ते कळत होतं; शेवटी माझा स्वतःचाच आवाज मला येईना. तरी लावली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी स्वयंपाकघरात. दादा माझ्याकडे पाठ करून टेबलाशी वाचत बसलेला. मी ओट्याशी. मी काहीतरी वळून घ्यायला गेले आणि दादा एकदम दचकला. खांदे उडाले, वर्तमानपत्र हातून सुटलं.

का दचकला ते मला कळेना. मग खाली पाहिलं. पातेल्याचं झाकण माझ्या हातून फरशीवर पडलं होतं, अजून गरगरत होतं. मला त्याचा आवाज आला नव्हता.

त्याला आला होता.

तो वळला नाही. तसाच बसून राहिला, मान खाली घालून. मी त्याच्या पाठीकडे बघत हळूच, अगदी हळूच म्हटलं, दादा, तुझ्या शर्टावर झुरळ आहे. त्याचा हात खांद्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

मग आठवत गेलं. खिडकीच्या चौकटीवरचा ताल. परवापासून सपाट बोलणं जाऊन त्याच्या आवाजात चढउतार आले होते आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं! आणि या दोन दिवसांत मी त्याच्या पाठीमागे काय काय बोलले होते. नवऱ्याच्या शेवटच्या रात्री. मला वाटणारी भीती. दादावरचा राग आणि दादावरची माया. सगळं त्याने ऐकलं. बहिऱ्याचं सोंग घेऊन, मान खाली घालून, सगळं.

मी ओरडले. काय बोलले आठवत नाही. तो मात्र शांतपणे बोलला. त्याचा आवाज मला अजून येतो, तेवढा ठेवलाय नशिबाने. शब्द जसेच्या तसे लिहिते.

"ज्याने मला ही रेकॉर्ड दिली तो दुकानदार ठार बहिरा होता. पैसे घेतले नाहीत. ऐकून कशी वाटते ते सांगायला या, म्हणाला. मी सांगायला गेलो तेव्हा तो शीळ घालत होता, ठमे."

आणि मग, "ऐकणाऱ्याचं जे जातं, ते आधीच्याला परत मिळतं. मी कुणाला बसवणार होतो? अनोळखी माणूस असली रेकॉर्ड पाच मिनिटं तरी ऐकेल का? शेवटपर्यंत बसेल असं जगात एकच माणूस होतं. मीच घडवलेलं."

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मला आजवर नुसतं म्हणण्यापुरतं माहीत होतं.

मी विचारलं, आणि दुसरी बाजू पूर्ण झाली की सगळं परत येतं, ते? त्याने पडलेलं वर्तमानपत्र उचलून त्याची घडी घातली. म्हणाला, "टिटवीचा आवाज गोड आहे ग. परवा तुझ्या फोनवर ऐकला."

शनिवार, १५ नोव्हेंबर

वहिनीला मेसेज केला: तुम्हाला त्या पांढऱ्या रेकॉर्डबद्दल माहीत होतं का? तासाभराने उत्तर आलं. मला तीनदा बसवलं होतं. त्याचे कान कशाने जातायत ते बघितलं होतं, म्हणून मी आधीच कानात कापूस घालून बसले आणि महिन्याभरात घर सोडलं. तुला सांगायला हवं होतं. सुटले म्हणून गप्प राहिले. मला माफ कर.

मला तिचा राग यायला हवा. येत नाही. सगळा दादावरच खर्च झालाय.

बॅगा भरल्या. उद्या निघायचं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

निघाले नाही.

काल रस्त्यापर्यंत गेले. रस्ता ओलांडताना ट्रक अगदी अंगावर आला, शिंपीकाकांनी दंड धरून ओढलं. त्यांचं तोंड हलत होतं. माणसांचे आवाज गेले. सगळ्यांचे. दादाचासुद्धा. शनिवारी रात्रीतून, रेकॉर्ड न लावता. आता ती लावायची गरजच उरलेली नाही.

काकांच्या दुकानात बाकड्यावर बसले आणि विचार केला. रेकॉर्ड तिथेच ठेवून गेले तर टिटवीची हाक कायमची गेली. घेऊन जायला हवी. ती एकच वस्तू मला त्या घरातून हवी होती. परत वर आले.

कपाटात नाही. फळ्यांवर नाही. दादाने लपवलीय. पाटीवर लिहून दाखवलं: तुझ्या भल्यासाठी. आता आणखी ऐकू नकोस.

माझ्या भल्यासाठी!

आणखी एक आहे. सगळे आवाज गेल्यावर एक उरलाय. तो माझा नाही. रेकॉर्ड संपल्यावर सुई आतल्या रिकाम्या खाचेत घसटत राहते ना, तसा. घस्. मग बराच वेळ काही नाही. मग घस्. नेहमी पाठीमागून. वळलं की तिकडून पाठीमागे. दादा दोन वर्षं भिंतीला पाठ लावून का बसत होता ते आता कळलं. आज त्याची खुर्ची खोलीच्या मधोमध आहे.

मीच भिंतीशी बसते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घस् जवळ आलंय. भिंतीला पाठ टेकली तरी मानेशी. भिंत आणि मी यांच्यामध्ये जागा नाही, तरी तिथे आहे.

दादाला पाटीवर विचारलं, हे काय आहे? त्याने लिहिलं, माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की ते कुणालाही शोधत नाही, ते वाट बघतं.

मग त्याने पाटी पुसली आणि लिहिलं: तुला असं बघवत नाही ठमे. एक उपाय आहे. तुझं कुणीतरी —

मी पाटी त्याच्या हातातून ओढून फेकली. फुटली असावी. तुकडे दिसले.

टिटवीला मेसेज केला. इकडे येऊ नकोस. काही झालं तरी येऊ नकोस. मीच येते. तिने लगेच लिहिलं, आई, तू बरी आहेस ना? मी लिहिलं, बरी आहे, शपथ घे की येणार नाहीस.

तिने शपथ घेतली नाही. नुसता एक बदाम पाठवला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दादा दिवसभर फोनवर. पाठमोरा. खांदे हलताना दिसतात, कधी हसतो. कोणाशी — मला ओठ दिसू नयेत म्हणून खिडकीकडे तोंड.

त्याचा फोन हिसकावला. कुलूप. आकडे माहीत नाहीत.

शिंपीकाकांना चिठ्ठी दिली, मला स्टेशनवर सोडा. त्यांनी वाचली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, वर बघितलं. दादा जिन्यात उभा होता. दोघं काहीतरी बोलले. काका माझ्याकडे फार दयेने बघायला लागले. मग त्यांनी मलाच हाताला धरून वर आणून सोडलं.

ज्याला बोलता येतं त्याचं खरं. माझ्याकडे फक्त कागद.

गुरुवार, २० नोव्हेंबर, दुपार

आली. टिटवी आली.

दारात उभी, पाठीवर पिशवी, डोळे सुजलेले. मिठी मारली. काहीतरी बोलत राहिली माझ्या केसांत. मी तिला ढकलत होते, जिन्याकडे, खाली, जा जा जा. तिने माझे हात धरले आणि फोनवर लिहून दाखवलं. मामाने सगळं सांगितलंय. तुला कमी ऐकू येतं याची लाज वाटते, म्हणून तू मला येऊ देत नव्हतीस. वेडी आहेस का ग आई?

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, पांढऱ्या कव्हरची रेकॉर्ड ऐकू नकोस. तिने वाचलं. दादाकडे पाहिलं. दादाने हळूच मान हलवली, आजारी माणसासमोर हलवतात तशी. मग तिने लिहिलं: मामा म्हणतो, ती एक रेकॉर्ड मी शेवटपर्यंत ऐकली की तू बरी होशील. एवढंच ना? मग ऐकते की!

मी फोन फेकला. तिचा गाल माझ्या नखाने सोलवटला. त्यानंतर दोघांनी मिळून मला माझ्या खोलीत आणलं. पलंगावर बसवलं. तिने पांघरूण घातलं. माझ्या कपाळावर ओठ टेकले. दादा दारात होता, रडत होता. खरंच रडत होता. ओठांवरून कळलं: तुझ्यासाठीच, ठमे.

बाहेरून कडी घातली.

—

दार वाजवते आहे. मुठी लाल झाल्या. ओरडते आहे, घशात दुखतंय म्हणजे ओरडत असणार. कोणी येत नाही. खिडकीतून खाली काका दिसले. हात हलवला. त्यांनी मान खाली घातली.

आता हीच पानं फाडून दाराखालून सरकवते. टिटवे, हे तुझ्यासाठी.

टिटवे, ऐकू नकोस. मामा खोटं बोलत नाही, मी बरी होईन, पण तुझं जाईल. सगळं. मी तुला हाक मारीन आणि तुला ती ऐकू येणार नाही. मला बरं व्हायचं नाही. मला अशीच राहू दे. मी आनंदाने राहीन अशी.

पहिलं पान सरकवलं. अर्धं अजून इकडेच दिसतंय. कुणी ओढलं नाही.

दुसरं लिहिते. फरशीवर बसले आहे, अनवाणी. तळपायांना काहीतरी लागतंय. थरथर. बारीक. एकसारखी. जमिनीतून. हा सूर मला माहीत आहे, तो कानाने ऐकावा लागत नाही.

लावली.

टिटवे, सुई उचल. मध्येच उचल. मामा काही म्हणू दे. कंटाळा येईल तेव्हा थांब, पलीकडे जाऊ नकोस, पलीकडे काही नाही, मामाने आणि मी तुला खोटं शिकव —

मानेशी आता काही नाही.

घस् नाही. थांबलंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ मोकळी. म्हणजे ते इथून —

नाही. नाही नाही

काहीतरी ऐकू येतंय. अगदी बारीक. खरखर. थांबले की थांबतं. लिहिलं की पुन्हा. माझ्या पेनाचा आवाज आहे हा. कागदावर. स्पष्ट. टिटवे माझं पेन मला ऐकू येतंय टिटवे सुई उचल सुई उच